महागड्या घड्याळाला परवडणारा पट्टा: मुंबईकरांचे वारंवार येणारे प्रश्न

घड्याळ लाखाचं, पट्टा कुजलेला, आणि शोरूममध्ये नव्या पट्ट्याचा भाव ऐकून घाम फुटतो, मग मला मेसेज येतो. मेसेज बहुतेक तेच ते असतात म्हणून सगळे एकत्र करून टाकलेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. भाव सगळे ढोबळ आहेत, दुकान बघून आणि तुमच्या हातातलं घड्याळ बघून वरखाली होतात.

१. दोन-तीन लाखाच्या घड्याळाला हजाराचा पट्टा लावला तर घड्याळाचं काही नुकसान होतं का?

नाही होत. पट्टा घड्याळाच्या आतल्या कशालाच हात लावत नाही, मशीन आत, पाणी अडवणारी रबरी रिंग मागच्या झाकणाला आणि चावीला, आणि पट्टा बिचारा बाहेर दोन पिनांवर अडकवलेला. धोके दोनच, एक म्हणजे बदलताना लगवर, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या घड्याळाच्या शिंगांवर, ओरखडे येणं (प्रश्न ८) आणि दुसरा म्हणजे भिकार पिन सुटून घड्याळ दादरच्या फलाटावर पडणं (प्रश्न ९). लेदरचा पट्टा चपलेसारखा असतो, घातला की झिजणारच, कंपनीचा असला तरी. मुंबईच्या घामात रोज घातलेला ओरिजिनल पट्टा पण वर्ष-दीड वर्षात मान टाकतो, मग दर वेळी त्यावर पाच आकडी रक्कम घालायची का हे तुम्ही ठरवा. माझं म्हणाल तर पैसे मापावर, लेदरवर आणि पिनवर घालावेत, नावावर नको.

२. साइज कसा कळणार? माझं घड्याळ ४२ मिमी आहे, मग पट्टा किती मिमी?

डायल किंवा केसच्या (मशीन ज्यात बसतं त्या धातूच्या डबीच्या) व्यासावरून पट्ट्याचं माप निघत नाही, ही सगळ्यात कॉमन गफलत. माप घ्यायचं दोन लगच्या मधल्या जागेचं, आतून आतून. वर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, साधा प्लॅस्टिकचा लोहार चाळीत नाहीतर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, नसेल तर स्टीलच्या फुटपट्टीने पण जमतं. जुना पट्टा मोजू नका, तो दाबून दाबून बारीक झालेला असतो.

उदाहरण द्यायचं तर ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल ४२ मिमीचं आहे पण पट्टा लागतो २० मिमी, सीमास्टर डायव्हर ४२ मिमीला पण २०. रोलेक्स सबमरिनर ४० मिमीवालं होतं तोवर २०, आणि २०२० मध्ये ४१ मिमीचं आलं तेव्हापासून २१. पॅनराय लुमिनॉर ४४ मिमीला २४. म्हणजे "माझ्या मित्राच्या सबमरिनरला २० बसला" असं म्हणून आपण पण २० घ्यायचा नाही, मॉडेल नंबर टाकून लग विड्थ शोधा आणि मग एकदा मोजून खात्री करा.

पट्ट्यावर २०/१६ असं लिहिलेलं असतं, त्यात पहिला आकडा घड्याळाकडचा आणि दुसरा बकलकडचा. दुसऱ्या आकड्याचं काम प्रश्न १० मध्ये येईल.

३. मुंबईत नक्की जायचं कुठे? एकच जागा सांगा दादा.

एकच सांगता येत नाही कारण कोणाला काय हवंय त्यावर आहे.

साधा, बरा, आजच्या आज हवा असेल तर क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. सीएसएमटीला उतरा, चालत जा, मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना या पट्ट्यात घड्याळं आणि घड्याळाचं सामान विकणारे बरेच आहेत. इथे भाव करावाच लागतो आणि माल स्वतः वाकवून बघावा लागतो (कसा ते प्रश्न ४ मध्ये). लाखाचं घड्याळ हातात घालून जाऊ नका, एक तर गर्दी आणि दुसरं म्हणजे तोंडचा भावच दुप्पट निघतो. माप कागदावर लिहून न्या आणि जमलं तर जुना पट्टा पिशवीत टाकून न्या, रंग जुळवायला कामाला येतो.

चोर बाजारात, म्हणजे मटन स्ट्रीटला, जुनी घड्याळं आणि त्यांचे जुने बकल, जुन्या चेनच्या कड्या असलं काहीतरी सापडतं, पट्ट्यासाठी मुद्दाम जायची जागा नाही ती. शुक्रवारी नेहमीची दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवा, त्या दिवशी तिथे जुमा बाजार भरतो.

लेदर स्वतः निवडून बनवून घ्यायचं असेल तर धारावी, त्यावर प्रश्न १३ आहे. आणि भटकायची हौस नसेल तर आपल्याच स्टेशनबाहेरचा, बारा-पंधरा वर्षं एकाच टपरीत बसलेला घड्याळवाला, दादर म्हणा, ठाणं म्हणा, डोंबिवली म्हणा. त्याच्याकडे व्हरायटी नसते पण पिना असतात आणि हात बसलेला असतो. मी तर पट्टा ऑनलाइन घेतो आणि बसवायला शंका वाटली तर त्याच्याकडे जातो, पन्नास-शंभर रुपयात काम होतं.

मॉलमधल्या टायटनसारख्या दुकानात पण साध्या मापाचे सुटे लेदर पट्टे असतात, डिझाइन फार नाही पण फसवणूक नाही.

४. रस्त्यावर ३०० ला मिळतो, ऑनलाइन तसाच दिसणारा २,००० ला आहे. फरक काय?

फोटोत काही फरक नसतो, हातात घेतल्यावर कळतो. ढोबळमानाने दोनशे-चारशेत मिळतो तो बहुतेक वेळा वर प्लॅस्टिकचा थर दिलेला लेदरचा भुगा नाहीतर सरळ रेक्झिन. नऊशे ते अडीच हजारात भारतातच बनलेले चांगले हाताने शिवलेले पट्टे मिळतात, कानपूर, कोलकाता, चेन्नईकडचं लेदर असतं, आणि माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं. त्याच्या वर ऑस्ट्रियाच्या हर्शसारखी नावं येतात, ती फिनिशिंगला खरंच छान आहेत.

दुकानात उभे असाल तर हे बघा. पट्टा उलटा वाकवा, वरच्या थराला बारीक तडे दिसले की ठेवून द्या. कडा बघा, चांगल्या पट्ट्याची कड घासून रंगवलेली नाहीतर दुमडून शिवलेली असते, स्वस्तात रंगाचा जाड थर लिंपलेला असतो आणि नखाने सोलला जातो. भोकं बघा, त्यातून आतला थर दिसतो, तिथे पुठ्ठ्यासारखं करडं काही दिसलं तर पहिल्या पावसात फुगणार. मागचं अस्तर लेदरचंच आहे का बघा, घाम तिथेच लागतो, वरचं कितीही भारी असलं तरी अस्तर रेक्झिनचं असेल तर मनगट चिकचिक करतं. आणि लगकडच्या टोकाला जिथून पिन जाते ती नळी नीट चिकटवलेली आणि शिवलेली हवी, ओढून बघा लाजू नका, दुकानदार काही म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जा.

वास बघून ठरवू नका, लेदरचा वास मारता येतो.

५. मागे "जेन्युइन लेदर" छापलंय, मग चांगलंच असणार ना?

खरं लेदर आहे एवढंच त्याने कळतं, कुठल्या थराचं ते नाही. कातड्याचा वरचा थर सगळ्यात मजबूत, तो न घासता ठेवला की फुल ग्रेन, थोडा घासून एकसारखा केला की टॉप ग्रेन, आणि खालचा उरलेला थर रंगवून, ठसा मारून विकला तरी त्यावर जेन्युइन लेदर छापायला कोणाची हरकत नसते. फुल ग्रेन किंवा टॉप ग्रेन असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. बाकी तपासणी प्रश्न ४ प्रमाणे.

६. पावसाळ्यात काय घालायचं? दर वर्षी पट्ट्याला पांढरी बुरशी येते.

जून ते सप्टेंबर लेदर घालूच नका, हा माझा सरळ सल्ला आहे. पाऊस अंगावर पडतो तेवढाच प्रश्न नाही, हवाच एवढी दमट असते की घामाने ओला झालेला पट्टा रात्रभरात वाळत नाही, सकाळी तोच परत घालायचा, परत लोकलमध्ये घाम, आणि आठवड्याभरात अस्तर काळं पडून वास मारायला लागतं. कपाटात ठेवलेल्यावर बुरशी येते ती वेगळीच.

मग घालायचं काय तर चेन असेल तर चेन, नाहीतर नायलॉन (प्रश्न ७), नाहीतर रबर. रबरात तीन प्रकार विकायला असतात. सिलिकॉन स्वस्त, मऊ, पण धूळ आणि लोकर अशी चिकटवतो की दोन दिवसांत पट्टा भुरा दिसतो आणि स्वस्तातला सिलिकॉन पिनेजवळ फाटतो. नॅचरल रबर जुन्या डायव्हिंग घड्याळांना यायचं तसं, छान लागतं पण ऊन आणि घाम खाऊन काही वर्षांनी कडक होतं. तिसरं एफकेएम, म्हणजे फ्लुओरो रबर, धूळ कमी धरतं, तेल-घाम-डिओ कशाने खराब होत नाही, किंमत साधारण हजार-दीड हजाराच्या पुढे. मुंबईसाठी पट्टा एकच घ्यायचा झाला तर मी एफकेएम सांगेन.

लेदर ठेवायचं कसं ते पण सांगतो. घड्याळावरून काढा, सुक्या फडक्याने पुसा, पंख्याखाली एक दिवस सपाट ठेवा आणि मग कापडी पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ओला पट्टा ठेवला की बुरशीला घर मिळालं. हेअर ड्रायर मारू नका, लेदर तडकतं. आणि खोबरेल तेल चोळायचा सल्ला घरातून हमखास येतो, नका चोळू, डाग पडतो आणि पट्टा ढिला पडतो.

७. नेटो पट्टा लक्झरी घड्याळावर बरा दिसतो का? कॉलेजच्या पोरासारखं वाटतं.

दिसण्याचं ज्याचं त्याने ठरवावं पण त्याचं मूळ कॉलेजच्या पोरांचं नाही. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये त्याचं स्टँडर्ड ठरवलं, करडा नायलॉन, २० मिमी रुंद, आणि सैनिकाला तो ज्या फॉर्मवर मिळायचा त्या फॉर्मवरून त्याला जी१० पण म्हणतात. एकच लांब पट्टी दोन्ही पिनांखालून जाते, म्हणून एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहतं. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला याची किंमत कळेल.

तोटा एक, घड्याळाखाली दोन थर येतात त्यामुळे जाड घड्याळ अजून वर उचललं जातं आणि फुल शर्टाची बाही अडकते. एकच थर असलेले पण मिळतात, शोधा. अडीचशे ते आठशेत काम होतं, धुवायला साधा साबण पुरतो. हार्डवेअर, म्हणजे त्या कड्या, दाबलेल्या पत्र्याच्या नकोत, जाड आणि गोल कडेच्या हव्यात.

८. घरी स्वतः बदलता येतो का? ओरखडे यायची भीती वाटते.

येतो, आणि लाखाचं घड्याळ असेल तर शिकूनच घ्या, कारण घाईतला घड्याळवाला चाकूच्या टोकाने पिन काढतो आणि लगच्या आतून रेघ मारून मोकळा होतो.

स्प्रिंग बार टूल घ्या, एका टोकाला बारीक काटा आणि दुसऱ्या टोकाला टोकदार सुई असलेलं, शंभर-दोनशेत साधं मिळतं, बर्जियॉनचं स्विस महाग पडतं पण टोक वाकत नाही. टेबलावर मऊ टॉवेल, त्यावर घड्याळ डायल खाली करून. लगच्या आतल्या बाजूला आणि मागे मास्किंग टेप लावा, सेलोटेप पण चालतो पण गोंद राहतो. आता काटा पट्टा आणि लगच्या मधल्या फटीत घाला, पिनेच्या टोकाजवळ एक छोटा खांदा असतो तो काट्यात धरून आतल्या बाजूला दाबा आणि पट्टा हळूच वर उचला. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, काटा खांद्यावर नसून दुसरीकडेच कुठेतरी आहे.

पिन उडते. एकदा सोफ्याखाली गेली की गेली. म्हणून अख्खं घड्याळ आणि दोन्ही हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम करा, दिसायला वेड्यासारखं दिसतं पण पिन पिशवीतच राहते.

ज्यांच्या लगला बाहेरून आरपार भोकं आहेत, जुन्या रोलेक्सला असायची तशी, त्यांचं काम सोपं, सुईच्या टोकाने बाहेरून दाबायचं. नाहीतर क्विक रिलीज पट्टा घ्या, त्याला मागे छोटी कळ असते, नखाने ओढली की सुटला, टूल लागतच नाही.

ज्यात पिनेच्या जागी स्क्रूचा बार आहे (पॅनरायच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आणि कार्टिएच्या काहींत असतो) तिथे बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर घरी हात लावू नका. स्क्रूचं डोकं गेलं की पट्टा स्वस्त पडला हे विसरा.

९. सगळे पिन पिन का करतात? पट्ट्याबरोबर येते ती चालते ना?

नेहमी नाही. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे आणि अख्खं घड्याळ तिच्यावर लटकलंय. स्वस्त पट्ट्याबरोबर येणारी पिन बऱ्याचदा पातळ, आतली स्प्रिंग मेलेली, टोकं लगच्या भोकापेक्षा बारीक, म्हणजे आत खडखडत राहतात आणि भोक मोठं करतात. घड्याळाची मूळ पिन शाबूत असेल तर तीच परत वापरा. नसेल तर स्टेनलेस स्टीलची, बरोबर लांबीची आणि जाडीची घ्या, नेहमीची जाडी १.५ ते १.८ मिमी, सेकोच्या डायव्हिंग घड्याळांना २.५ मिमीची जाड लागते.

बसवल्यावर बारीक "टक" ऐकू येतो. त्यानंतर पट्टा धरून घड्याळापासून दूर ओढा, दोन्ही बाजूंना फिरवा, चांगला जोर लावून. सुटायची असेल तर टॉवेलवर सुटू दे. रोजचं घड्याळ असेल तर वर्षातून एकदा पिना बदलून टाका.

१०. कंपनीचा ओरिजिनल बकल आहे, तो नव्या पट्ट्याला लागेल का?

लागतो, आणि लावाच, घड्याळाची शोभा अर्धी तिथे असते. प्रश्न २ मधला दुसरा आकडा इथे कामाला येतो, बकल आतून १८ मिमी असेल तर पट्टा पण बकलकडे १८ चाच हवा. फोल्डिंग क्लास्पला (घडी होऊन बंद होणाऱ्या बकलला) अजून एक अट, पट्ट्याच्या टोकाची जाडी. दुकानातले पॅडवाले जाड पट्टे क्लास्पमध्ये घुसत नाहीत आणि मग क्लास्प नीट बंद होत नाही, मधेच उघडतो. क्लास्प घेऊन दुकानात जा आणि तिथेच घालून बघा.

११. मनगट बारीक आहे, शेवटच्या भोकावर पण ढिला होतो.

साधारण पट्टा ११५/७५ किंवा १२०/७५ मिमी असतो, लांब तुकडा आणि बकलकडचा तुकडा. मनगट साडेसहा इंचाच्या खाली असेल तर शॉर्ट मागा, १०५/६५ च्या आसपास, आणि आठ इंचाच्या पुढे असेल तर लाँग. घरी सुईने नाहीतर खिळ्याने भोक पाडू नका, फाटत जातं, चांभाराकडे गोल पंच असतो, दहा-वीस रुपयात सरळ रेषेत पाडून देतो.

१२. माझं घड्याळ १९ (किंवा २१) मिमी आहे, दुकानात सगळे २० देतात, "दाबून बसेल" म्हणतात.

१९ च्या घड्याळात २० चा मऊ लेदर किंवा नायलॉन दाबून बसतो हे खरं आहे, कडेला थोडी सुरकुती येते, चालवून घ्या. रबर किंवा चेन मात्र दाबून बसवू नका. उलटं, म्हणजे २१ मध्ये २०, बसतं पण दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिमी पिन उघडी दिसते आणि पट्टा सरकतो, महागड्या घड्याळावर डोळ्यात खुपतं. विषम मापं बाजारात खरंच कमी मिळतात, ऑनलाइन शोधा नाहीतर पुढचा प्रश्न.

१३. धारावीत मापाचा पट्टा बनवून मिळतो का?

मिळतो, पण तयारीने जा. सायन-बांद्रा लिंक रोडवर लेदरची दुकानं ओळीने आहेत, ती मुख्यतः बॅगा, जॅकेट, पाकिटं, बेल्टवाली, घड्याळाचा पट्टा हे त्यांचं रोजचं काम नाही. विचारत जावं लागतं, दोन-तीन जण नाही म्हणतात, एखादा कारागीर हो म्हणतो. नमुना म्हणून जुना पट्टा द्या, आणि एका कागदावर लगकडची रुंदी, बकलकडची रुंदी, दोन्ही तुकड्यांची लांबी आणि जाडी लिहून द्या, तोंडी सांगू नका. "पातळ" हा शब्द तिथे चालत नाही, बेल्ट बनवणाऱ्याचं पातळ म्हणजे चार मिमी. वरचा आणि अस्तराचा मिळून अडीच-तीन मिमी सांगा, बकलकडे दोन.

लेदर स्वतः निवडा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवर पण बंदी आहे, त्यामुळे तिथे म्हशीचं आणि बकरीचं लेदर भरपूर दिसतं. म्हशीचं जाडंभरडं, वरचा पोत ठसठशीत, रफ दिसणाऱ्या घड्याळाला मस्त. बकरीचं पातळ आणि चिवट, अस्तराला एक नंबर. तलम काफ (वासराचं) लेदर हवं असेल तर बाहेरून आलेला तुकडा आहे का विचारा. एका पट्ट्याला लेदर किती लागतं, वीतभर, तेव्हा मोठ्या बॅगेतून उरलेल्या कातरणीतला चांगला तुकडा मागा, भाव निम्मा होतो.

फिनिशिंग मशीनसारखी येणार नाही. कडा थोड्या वेड्यावाकड्या येतील. ज्याला ते खपत नाही त्याने तयार घ्यावा.

१४. घड्याळाला लगच नाहीत, चेन सरळ केसमध्ये घुसते. काय करू?

हे इंटिग्रेटेड प्रकरण. ऑडमार्स पिगे रॉयल ओक (१९७२), पाटेक फिलिप नॉटिलस (१९७६) आणि आता टिसॉट पीआरएक्स, यांना साधा सरळ पट्टा बसत नाही, पट्ट्याच्या टोकाला खाच नाहीतर जीभ त्याच मॉडेलच्या मापाची लागते. पीआरएक्ससाठी इतरांनी बनवलेले पट्टे सहज मिळतात, एवढं विकलं गेलंय ते. पण मॉडेलचा साइज सांगूनच घ्या, ३५ आणि ४० चे पट्टे वेगळे. रॉयल ओकवाल्यांनी स्वस्तात शोधू नये असं माझं मत आहे, तिथे टोक अर्धा मिमी इकडेतिकडे झालं तरी केसची कड घासते.

कार्टिए सँटोस २०१८ नंतरचं असेल तर त्याला क्विकस्विच आहे, कळ दाबली की चेन सुटते, पण टोक त्यांच्याच पद्धतीचं लागतं.

१५. पट्टा नको, स्टीलची चेनच हवी, लोकल चेन लावू का?

लावा पण एंड लिंक बघून. एंड लिंक म्हणजे केसला टेकणारा वाकडा तुकडा. तो तुमच्या मॉडेलसाठीच बनलेला हवा, नुसता "२० मिमी सगळ्याला बसतो" वाला असला तर फट राहते, हलतो आणि रोज थोडी थोडी लग घासतो, हे ओरखडे पॉलिशशिवाय जात नाहीत. पत्रा दुमडून केलेला पोकळ एंड लिंक खुळखुळतो, भरीव मागा. स्टील ३१६एल असेल तर मुंबईच्या घामाला पुरेसं आहे, रोलेक्स ९०४एल वापरतं पण म्हणून चेन पण तसलीच हवी असं काही नाही. घालून मनगट हलवून बघा, हातावरचे केस उपटत असेल तर परत द्या.

१६. बाबांची जुनी राडो आहे, चेन ढिली झालीय, कंपनी म्हणते पार्ट नाही. लेदर लागेल का?

हा प्रश्न एवढ्या घरांतून येतो की बास. १९६२ पासूनच्या डायस्टारसारख्या मॉडेलात केस टंगस्टन कार्बाइडचा, ओरखडा पडत नाही, आणि चेन मात्र झिजून लोंबते. बऱ्याच राडोंमध्ये चेन केसच्या पोटाखाली मधल्या अरुंद जागेत जोडलेली असते, साधा पट्टा बसत नाही. आधी घड्याळ उलटं करून जोड बघा आणि ती जागा मोजा. खाच असलेला लेदर पट्टा बनवून घेता येतो, प्रश्न १३ चा कारागीर आणि मूळ टोकाचा नमुना.

पण त्याआधी चेन जुन्या घड्याळवाल्याला दाखवा. ढिली होते ती बहुतेकदा कड्यांमधल्या पिना झिजून, कड्या शाबूत असतात. पिना नव्या टाकून चेन पुन्हा घट्ट होते. आणि साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून बघा (घड्याळ वेगळं काढून, फक्त चेन), चाळीस वर्षांचा मळ निघाल्यावर निम्म्या लोकांचा विचार बदलतो.

१७. कंपनीचा लोगो असलेला पट्टा आणि बकल ८०० ला मिळतोय, घेऊ?

नको. नकली आहे, विकणाऱ्याला पण माहितीये. बिननावाचा चांगला पट्टा लाखाच्या घड्याळावर कधीच खटकत नाही, पण नकली मुकुट (रोलेक्सची खूण) छापलेला बकल बघून समोरच्याला घड्याळच नकली वाटतं. विकायला काढाल तेव्हा तर खरेदी करणारा पहिलं तेच बघतो.

१८. मगरीच्या कातड्याचा पट्टा स्वस्तात मिळतोय, खरा असेल का?

स्वस्त असेल तर बहुतेक गाय-म्हशीच्या लेदरवर ठसा मारलेला असतो. खवले सगळे एकसारखे आणि ओळीत दिसले, खाचा दाबल्यावर सपाट झाल्या, तर ठसाच. ठसा असणं वाईट नाही, दिसायला छान दिसतो, फक्त मगरीचे पैसे देऊ नका.

आणि खराच असेल तर डोकेदुखी मोठी. आपल्याकडच्या मगरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि परदेशातल्या मगरीच्या मालाला साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागतो. कागद नसलेला पट्टा पार्सलने मागवू नका, कस्टममध्ये अडकला तर घड्याळापेक्षा पट्ट्याचीच चिंता जास्त होईल.

१९. परदेशातून मागवला तर ड्युटी लागते का? मित्राला "गिफ्ट" लिहून पाठवायला सांगू का?

ड्युटी लागते, वर जीएसटी, आणि कुरिअर कंपनी स्वतःचं हँडलिंग वेगळं लावते, ते धरून हिशोब करा, स्वस्त पट्ट्यावर हे हँडलिंगच जड जातं. गिफ्ट लिहून वाचत नाही, पूर्वी छोट्या गिफ्टला सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सोडली. म्हणजे बहिणीची राखी येईल, तिच्यासोबतचा पट्टा नाही. मागवायचाच तर तीन-चार मित्र मिळून एकत्र मागवा. किंवा कोणी दुबई-सिंगापूरहून येत असेल तर त्याला सांगा, पाकिटाएवढी वस्तू आहे, कोणी नाही म्हणत नाही.

२०. पट्टा बदलला तर वॉरंटी जाते का? आणि विकताना भाव कमी येतो का?

मशीनची वॉरंटी पट्ट्यामुळे जात नाही, पट्टा स्वतः तसाही बहुतेक वॉरंटीत धरलेला नसतो. पण बदलताना तुम्ही मारलेले ओरखडे कंपनी फुकट काढून देणार नाही.

विकायचा विचार असेल तर मूळ पट्टा, मूळ बकल, मूळ पिना आणि चेनच्या काढलेल्या कड्या सगळं एका पुडीत घालून बॉक्समध्ये ठेवा. खरं तर घड्याळ नवीन घेतल्या घेतल्या ओरिजिनल लेदर पट्टा काढून ठेवायचा आणि रोजच्याला दुसरा लावायचा, मग तो कोरा राहतो. कड्या विशेष जपा, लोक घड्याळवाल्याकडेच विसरून येतात आणि नंतर एका कडीचे हजारो मोजतात.

२१. नवीन पट्ट्याने मनगटावर पुरळ आलंय. लेदर नकली आहे का?

तसं काही नाही, खऱ्या लेदरनेही येतं. बाजारातलं बहुतेक लेदर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि काहींच्या त्वचेला ते चालत नाही, घामाने अजून वाढतं. पुरळ पूर्ण पट्टीभर असेल तर लेदरवर संशय घ्या आणि व्हेजिटेबल टॅन्ड (क्रोमियमऐवजी झाडांच्या सालीच्या अर्काने कमावलेल्या) अस्तराचा पट्टा शोधा. फक्त बकलखाली चौकोनी डाग असेल तर बकलमधलं निकेल असू शकतं, मग टायटॅनियमचा बकल बघा किंवा सरळ नायलॉन, वेल्क्रोवाला. तोवर घड्याळ काढून ठेवा, कमी होत नसेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा, आणि दाखवायला जाताना पट्टा सोबत न्या.